मंगळीची घंटा आणि आखरावरचा वड

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, मित्रांनो. मी एक जुनी सागवानी घंटा आहे आणि माझा आवाज ऐकून चिमूरकडच्या जंगलात एकदा वाघ वाट सोडून उभा राहिला होता. "आधी तुम्ही जा, बाई," म्हणाला. समोर सोनीबाईची नात दिव्यानी बसली आहे, ती आत्ताच तोंड वाकडं करते आहे. करू दे. माझ्या पोटात एक चिंधी कोंबलेली आहे. ती कशाला, हे मात्र कोणी विचारू नका.

पत्रूभाऊंनी मला कोरलं आणि त्यांच्या बायकोने, सोनीबाईने, मंगळी गाईच्या गळ्यात बांधलं. राखणारा गायकी झाडाखाली झोपला तरी माझ्या आवाजामागे कळप घरी येई. सारा गाव माझी तारीफ करी. बरं, सारा नाही, पत्रूभाऊ करीत.

मग मंगळी सातव्या महिन्यात गाभडली. वासरू मेलेलंच पडलं. आमच्याकडे वासरामागून गाईची वार पडली की फडक्यात बांधून आखरावरच्या, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात तिथल्या, वडाला टांगतात. वडाला जसा चीक, तसं गाईला दूध, असा समज. मागच्या साली गावातल्या सुकलूची गाय गाभडली, तिचीही वार तिथेच टांगली होती. त्याच सावलीत मंगळी रोज बसायची.

जनावरांची डॉक्टर रीना आली. सुकलूच्या गाईच्या रक्तात सापडला तोच हा रोग दिसतो, म्हणाली. औषधाने जात नाही, त्याला अडवावं लागतं. मंगळीला वेगळी बांधा, वार चुना टाकून खोल पुरा.

"वडाले टांगली नाई तं दूध आटते, बाई," सोनीबाई म्हणाली.

"माय, त्या वडाखाली साऱ्या गावाची जनावरं बसतेत. खाली टपकलं का चाटतेत."

सोनीबाईने मंगळीला परसात बांधलं खरं, पण रीना जाताच वारेची पोटली काठीला अडकवून ती वडाकडे निघालीच. घरची दुसरी गाय, ढवळी, तेव्हा गाभण होती. तिचं वासरू वाचणार की नाही, ते आता त्या काठीच्या टोकावर लटकत होतं.

आणि मी वाजले. परसातून असा खडखडाट केला की वडाची पानं गळाली, वरची माकडं कान झाकून पळाली आणि सोनीबाई अर्ध्या वाटेतून मागे फिरली. पोटली चुन्याखाली गेली. पुढे ढवळीला उड्या मारणारी कालवड झाली. वेळेवर तिला लसही टोचली. मंगळी अजून वेगळीच असते, पण सोनीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय जेवत नाही. तेव्हा मित्रांनो, वार उघड्या हाताने उचलू नका, दूध उकळूनच प्या आणि जुन्या घंटेला अडगळ समजू नका, कारण त्या दिवशी मीच...

"कायची वाजली तू," दिव्यानी म्हणाली. "तुह्या आवाजानं ढवळी मंगळीकडं धावे, म्हणून आजीनं मंगळीले परसात बांधतानाच तुह्यात चिंधी कोंबली होती. मी संग होती ना. वडापाशी पोचलो तं खाली ढवळी पोट टेकून बसली होती. तिले पाहूनच आजी फिरली."