उजव्या बाजूचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. वरवंट्याचा सोबती नव्हे हं, खड्ड्यांचे धक्के झेलणारा ट्रकखालचा लोखंडी स्प्रिंगचा पाटा. मागच्या उजव्या चाकावर आम्ही सात भाऊ एकमेकांवर रचून बांधलेले असतो. मी त्यांत सर्वांत लांब आणि सर्वांत वरचा. माझी दोन्ही टोकं गोल वळवून त्यांचे डोळे केलेले होते, आणि त्या डोळ्यांतच सगळी गाडी अडकवलेली असायची. त्यामुळे मित्रांनो, मी थोडा गर्विष्ठ होतो, हे आधीच कबूल करतो.

भट्टीत लालबुंद तापवून, वाकवून, तेलात बुडवून मला घडवलं. पहिली दहा वर्षं मी डोंगराळ मुलखातल्या नारिन शहराजवळच्या सामुदायिक शेतावर धान्य वाहिलं. पुढे शेत मोडलं, वाटण्या झाल्या. कुणाला मेंढ्या मिळाल्या, कुणाला गोठ्याच्या विटा, आणि शेतावरच्या कालमुरात नावाच्या गड्याला आमचा ट्रक. दर जूनमध्ये तो आपलं लोकरीच्या नमद्याचं तंबूसारखं घर गाडीत भरून जायलोवर, उन्हाळी कुरणांवर, न्यायचा. घाट चढून झाला की खाली उतरून माझ्यावर थाप मारायचा, "शाब्बास रे घोड्या!" त्या एका थापेसाठी मी वर्षभर वाट पाहायचो.

गाडी भरायचा मान त्याच्या बायकोचा, अनारकुल आपांचा. आपा म्हणजे आई; लेकीसारखाच सारा गाव त्यांना आपा म्हणायचा. घरात जशी मांडणी तशीच गाडीत. दारातून शिरताना उजवी बाजू बायकांची, म्हणून तिकडे लोखंडी कढई, चूल, पिठाची पोती. डावी पुरुषांची, म्हणून तिकडे खोगिरं आणि कालमुरातची ऐरण. भार दोन्हीकडे सारखा पडायचा.

मग कालमुरात गेला. गाडी दोन वर्षं अंगणात पडून राहिली. कुणी ग्रीस लावलं नाही, आम्हा भावांच्या मधे गंज साचला. शेवटी त्याची मुलगी जिपार गाडी शिकली आणि आम्ही पुन्हा घाट चढू लागलो. ऐरण आणि खोगिरं आपांनी भावकीत देऊन टाकली होती, पण डाव्या बाजूला त्या कुणाला चमचाही ठेवू देत नव्हत्या. सगळा भार माझ्यावर आला. तीन उन्हाळे मी तसाच तिरका होऊन चढलो. यंदा निघायच्या आदल्या दिवशी जिपार खाली वाकली आणि तिला माझ्या डोळ्याजवळ केसाएवढी भेग दिसली.

घरच्या दुभत्या घोड्या आधीच वर कुरणावर गेल्या होत्या, त्यांचं दूध काढायची वेळ झाली होती. थांबायला वेळ नव्हता. आणि घाटाला तीस वळणं. तिथे माझा डोळा तुटला असता, तर मायलेकींसकट गाडी दरीत गेली असती.

गावचा लोहार उस्ता शाबदान गाडीखाली शिरला.

"वेल्डिंग मारून दे रे," आपा म्हणाल्या. "त्यांचा हात फिरलाय त्याच्यावर. फेकायचा नाही."

"मारतो की! पण आपा, ती आच या लोखंडाला सोसत नाही. शेजारीच पुन्हा मोडेल."

"तुला येत नाही, असं सरळ सांग ना!"

"मला येतं हो. घाटाला पटत नाही."

खरं सांगतो, मला वेल्डिंगच हवं होतं. भंगारात जायची भीती कुणाला वाटत नाही?

पण जिपारने हात पुसले. "नाही. मुख्य पाटा कोरा घालायचा. आणि आपा, तेवढ्यानं भागायचं नाही. कढई डावीकडे ठेवायची."

"पुरुषांच्या बाजूला कढई? लोक तोंडात शेण घालतील!"

"घालू देत. गाडी मी चालवते, लोक नाही चालवत."

"ती जागा त्यांची आहे गं." आपा त्या रिकाम्या डाव्या बाजूकडे पाहत म्हणाल्या.

"म्हणूनच तर हा मोडला. तीन वर्षं सगळा भार तू तुझ्याच बाजूला घेतेयस, आपा."

शाबदान उगाच पाना शोधत बसला. मग आपा उठल्या आणि कढईचे कान धरून तिला ओढू लागल्या. जिपार पुढे आली तशा खेकसल्या, "दूर हो. माझी मी ठेवते." शाबदानचीही मदत त्यांनी घेतली नाही. धापा टाकत त्यांनी कढई फळीवरून वर चढवली आणि डावीकडे सरकवली.

"सरका हो जरा," त्या रिकाम्या जागेला म्हणाल्या. "आयुष्यभर आयतं जेवलात, आता कढई सांभाळा."

शाबदानने माझी दोन्ही टोकं कापली. पाणी ओतत, सावकाश, मला आच न लागू देता. माझे डोळे गेले, वरची जागा गेली. उरलेला धड तुकडा त्याने खाली, चौथ्या जागेवर बसवला. वर एक कोरा पाटा आला. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तशी तो कुरकुरू लागला. मी म्हटलं, बाबा रे, तू फक्त धरून ठेव, खालून मी आहे.

तीसही वळणं आम्ही सरळ उभे राहून चढलो. वर पोचल्यावर आपा कष्टाने उतरल्या, गुडघे टेकून गाडीखाली वाकल्या, मला शोधून काढलं आणि थाप मारली. "शाब्बास रे घोड्या!"

मित्रांनो, काही मोडलं तर दुरुस्त करायचं की बदलायचं, ते नीट ठरवा. पण आधी भार कुठे पडत होता तेही पाहा. वर्षातून एकदा ग्रीस लावा. आणि घाट चढून झाला की एक थाप मारायला विसरू नका. आम्ही तिची वाट पाहत असतो.