फरशीखाली अडलेला शब्द

मित्रांनो, गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी एक काळी पेटी बसलेली असते. सगळे गिटारकडे बघतात, पेटीकडे कोण बघतं? ती पेटी म्हणजे मी, एक जुना अ‍ॅम्प. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच. वायरीतून आलेली तिची कुजबुज मी ऐकतो, मोठी करतो आणि माझ्या पोटातल्या स्पीकरमधून बाहेर सोडतो. आज माझी गोष्ट सांगतो आहे ती मिरवण्यासाठी नाही. मनावर एक ओझं आहे, म्हणून सांगतो.

मला अवधूतदादाने घडवलं. मांडवातले माइक आणि भोंगे दुरुस्त करायचं त्याचं पनवेलमध्ये छोटंसं दुकान आहे. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह त्याने माझ्या पाठीत बसवले. ते तापले, की माझ्या सुराला गुळाच्या पाकासारखी गोडी चढते. पण माझ्यात एक खोड आहे. पुरता जोर लावल्याशिवाय ती गोडी येत नाही. हळू वाजवलं की मी पातळ, कोरडा, ताकात पाणी घातल्यासारखा वाजतो.

मांडवात ही खोड कुणाला खुपली नाही. ऑर्केस्ट्राबरोबर मी उरण-पनवेलच्या गावागावांतल्या हळदी गाजवल्या. "आवाज हाय का वाघ हाय!" म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली. मोठं वाजणं म्हणजेच चांगलं वाजणं, असं माझ्या मनाने घेतलं ते तेव्हा. पुढे डीजे आला, ऑर्केस्ट्रा मोडला, आणि मी अवधूतदादाच्या फळीवर धूळ खात पडलो. माझ्या जाळीत कोळ्याने संसार थाटला.

तिथून मला निनादने घरी नेलं. निनाद करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि द्रोणागिरीच्या एका गोदामात काम करतो. सकाळची पाळी संपवून तो चारला घरी येतो, बायको आभा येते सातला. मधले तीन तास निनादचे आणि माझे. कॉलेजात सुटलेली गिटार त्याने पुन्हा हाती धरली होती. दिवसभर कंटेनरचे नंबर वाचून विझलेले त्याचे डोळे पहिल्या सुराबरोबर उजळायचे. मित्रांनो, मी सुखात होतो.

त्याने मला फरशीवर ठेवलं होतं. आधी तो हळू वाजवून बघायचा. "छे, हा नव्हे तो आवाज," म्हणायचा आणि बटण फिरवायचा. आणखी थोडं. आणखी थोडं. मग माझे व्हॉल्व्ह तापायचे, गोडी यायची, आणि खिडकीच्या काचा थरथरायच्या.

एकदा आभा लवकर आली. दारातूनच म्हणाली, "निनाद, अरे घर आहे हे. हळद लागलीय का कुणाला?"

"कुणी तक्रार केलीय का?"

"तक्रार नाही केली कुणी."

"मग झालं तर!"

तरी दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यावर जाड गोधडी टाकली. त्याला वाटलं, आवाज कोंडला. कोंडले गेले ते फक्त बारीक, चमकदार सूर. जाड घुमारा माझ्या चारी पायांतून थेट फरशीत उतरत होता. शिवाय खोलीत आवाज मंद झाला म्हणून निनादने बटण आणखी फिरवलं.

आणि मित्रांनो, मला ते ठाऊक होतं. कारण जी फरशी माझा आवाज खाली नेत होती, तीच खालचा आवाज माझ्यापर्यंत आणत होती.

खाली कमळाकरकाका आणि कुमुदकाकू राहतात. काकांना अर्धांगवायूचा झटका आला होता. हातापायांत बळ परतलं, पण शब्द हरवले. समोर पेला असायचा, तहान लागलेली असायची, आणि "पाणी" म्हणता यायचं नाही. बोलताना अडलेला शब्द गाताना कधीकधी सुटतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिले काही महिने मोलाचे, असंही सांगितलं होतं. म्हणून रोज पाचला, काकांचं मन ताजं असायचं तेव्हा, काकू त्यांना समोर बसवून ओवी म्हणायच्या. माहेरची, चिरनेरची.

*दाराशी शेवगा, वर निळं आभाळ,*
*फुलांच्या पावलांनी, आली गं...*

शेवटचा शब्द त्या मोकळा ठेवायच्या. काका तो शोधायचे. "स... स..." सुई ओवताना दोरा जसा नेढ्याशी येऊन वळतो, तसा शब्द ओठाशी येऊन वळायचा. आणि नेमका त्या क्षणी मी वरून घुमायचो. काका दचकायचे. शब्द निसटून जायचा. काकू पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या, त्यांचा आवाज जरा दमलेला असायचा.

मी पेटी. मला थांबता येत नाही, हे खरंच. पण थांबावंसं तरी वाटलं होतं का? मित्रांनो, नव्हतं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला तापवत होतं. मी खालचं ऐकायचो आणि वर तेवढ्याच तोऱ्यात वाजायचो.

पुढे पाच वाजता खालून ओवी ऐकू येईना. काका बरे झाले असतील, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

गोधडीत माझा जीव घुसमटत होताच. एका दिवशी पाचच्या सुमारास करपल्याचा वास आला आणि मी मुका झालो. निनादने मला छातीशी धरलं, लिफ्टने खाली आणलं. पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाशेजारी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. त्यांवर काका आणि काकू.

"काकू, इथे? या उकाड्यात?"

"अरे, इथे जरा वारा असतो."

वारा कुठला? काकूंचा पदर घामाने चिकटला होता.

"काकू, खरं सांगा."

काकूंनी पदराने काकांचा घाम टिपला. मग हळूच म्हणाल्या, "पाचला वर तुझं सुरू होतं ना रे. यांचा शब्द येता येता जातो. इथे पंप असतो, पण तो एकसुरी. त्याला हे दचकत नाहीत."

"अहो, मग सांगायचं ना मला! कधीपासून बसताय इथे?"

"झाला असेल महिना-सव्वा महिना."

"आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"कोणत्या तोंडाने बोलू? यांना झटका आला त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तू यांना पाठीवर घेऊन जिना उतरलास, दवाखान्यात नेलंस. त्याच्याच दारात तक्रार घेऊन जायचं?"

निनादने मला खाली ठेवलं. मी काही एवढा जड नाही. काकांनी माझ्याकडे बोट केलं, ओठ हलवले, काहीच आलं नाही. त्यांनी मान वळवली. कुठल्याही मांडवात कुणी माझ्याकडे अशी पाठ फिरवली नव्हती.

दुकानात निनाद म्हणाला, "दादा, नको मला हा. विकून टाका."

"इकून काय व्हनार? दुसऱ्याच्या डोक्यावर वाजंल." अवधूतदादाने माझी पाठ उघडली. "गोधरी घातली व्हती? याला काय हीव भरलं व्हतं? आन जमिनीवर ठेवलास, म्हंजे आवाज जातो घोट्याकडं. घोट्याला कान असतान का रं? कानाला कमी येतो, म्हनून तू वाढवतोस. आमी याला मांडवासाठी बनवला, तू खोलीत नेलास. याची चूक नाय."

ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दादाने नवे व्हॉल्व्ह घातले. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक डबी बसवली. आता मी पूर्वीसारखाच जोर लावतो, पण त्यातला बहुतेक त्या डबीतच तापून जिरतो. स्पीकरपर्यंत जातो तो चिमूटभर, पण गोडीसकट. घुमारा कमी केला. घरी आल्यावर निनादने मला उंच स्टुलावर, पायांखाली जाड स्पंज घालून, स्वतःच्या कानाकडे तोंड करून बसवलं. आता दोघं गप्पा मारतात तेवढ्याच आवाजात मी वाजतो. निनादने पहिला सूर छेडला आणि कितीतरी वेळ दुसरा छेडलाच नाही. इतकी वर्षं आरडाओरडा करून मी जे मिळवत होतो, ते कुजबुजूनही मिळत होतं.

पाच ते सहा तो गिटारला हात लावत नाही. काका-काकू पुन्हा घरातच बसतात म्हणे. मला ते कळत नाही. फरशीशी माझा संबंध तुटला. खाली शब्द सापडला की नाही, आता मला ऐकू येत नाही. ही शिक्षा मला मान्य आहे.

परवा बेल वाजली. दारात काका, एकटे, जिना चढून आलेले. निनादने आधी मला बंद केलं, मग त्यांच्यासमोर उभा राहिला. काकांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. निनादने त्यांना शब्द सुचवला नाही, "बसा" म्हटलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही.

"खा... खाली... ये. च... चहा."

निनाद अनवाणीच त्यांच्यामागे गेला. दार उघडंच राहिलं. मी स्टुलावर निवत बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तेच योग्य होतं.

मित्रांनो, मोलाच्या महिन्यांतला सव्वा महिना मी खाल्ला. तो मला परत करता येत नाही. तुमच्याजवळ मात्र माझ्याजवळ नसलेली एक गोष्ट आहे: आपलं बटण आपल्याच हातात असणं. तक्रार आली नाही म्हणजे त्रास झाला नाही, असं समजू नका. चांगली माणसं तक्रार करत नाहीत. खुर्ची उचलतात आणि पंपाशेजारी जाऊन बसतात. ती तिथे बसण्याआधी, एकदा खाली जाऊन त्यांना विचारून या.