यंत्रबळींचं इंग्रजी

मंगळवारी सकाळी कुरिअरवाला पुस्तक देऊन गेला आणि ते उघडताच आपण चुकीचा शब्द दिला हे सिंधूबाईंच्या लक्षात आलं.

पुस्तक जुईलीचं होतं. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत बाईंनी तिला इंग्रजी शिकवलं होतं. आता ती अकोल्यात चित्रकथा काढायची. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता.

"बाई, 'यंत्रबळी'ले इंग्रजीत काय म्हणाचं? माह्या पुस्तकाचं नाव आहे. इंग्रजीतही काढून राहिली मी."

बाईंनी पुढचं-मागचं काही विचारलं नव्हतं. शब्द कानावर पडला आणि त्यांना थेट धामणगावच्या जिनिंग कारखान्यातले मजूर जानराव आठवले. बाई तेव्हा दहा वर्षांच्या. जिनिंगमध्ये कापसाबरोबर जानरावांचा हात ओढला गेला, तिसऱ्या दिवशी ते गेले, आणि पेपरात मथळा आला, 'यंत्राचा बळी'. "व्हिक्टिम्स ऑफ द मशीन," बाईंनी ठणकावून सांगितलं होतं.

आता समोरच्या मुखपृष्ठावर काष्टा घातलेली एक धिप्पाड बाई, हातावर पोलादी पंजा चढवून, नाल्यात उलटलेला कापसाचा ट्रक उचलत होती. आत पाठीला इंजिन बांधून उडणारा पोस्टमन होता, भिंतीपलीकडचं बघणारी म्हातारी होती. बळी म्हणजे बळवान. यंत्रानं ज्यांचं बळ वाढलं ते यंत्रबळी. वर्गात एखादीनं आपल्यासारखा चुकीचा समास सोडवला असता, तर बाईंनी तिला तासभर उभं केलं असतं.

आत चिठ्ठी होती. 'बाई, मंगळवारी चार वाजता इंग्रजी कव्हर ह्याच छापखान्यात मशीनवर चढेल.'

जुईलीचा फोन बंद. चारदा लावला, चारदा बंद. जगात जिथं जाईल तिथं पोरीचे शूरवीर मेलेली माणसं म्हणून ओळखले जाणार, आणि तेही आपल्या शब्दानं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापखान्याचा पत्ता होता, फोन नंबर नव्हता. बाईंनी बीपीची गोळी घेतली, पिशवीत पुस्तक टाकलं आणि साडेबाराची अकोल्याची एसटी गाठली.

चूक कळली होती, पण बरोबर शब्द कुठं सापडला होता? बडनेरा गेलं. सायबॉर्ग म्हणावं, तर त्यात माणूस शिल्लकच राहत नाही. बायॉनिक हे औषधाच्या बाटलीवरचं नाव वाटतं. एन्हान्स्ड? फोटो स्टुडिओवाला बोलतो तसं. पूर्वी शब्द हाक मारायच्या आत दारात उभे असायचे. आता दोन वाजत आले होते आणि बाई पिशवीचा बंद सारख्या सोडत-बांधत होत्या.

"काहून जी, एवढ्या घाबऱ्या झाल्या?" शेजारच्या बाईनं विचारलं. अंजनगावच्या गोदाबाई, मुलीकडे निघालेल्या.

"एक शब्द हवाय हो. अंगावर मशीन चढवून जो बळकट झाला, त्याला काय म्हणायचं?"

"हळू बोला. मशीन हाय माह्या कानात." गोदाबाईंनी पदर सारून कानामागचं यंत्र दाखवलं. "आता सूनबाई सैपाकघरात काय पुटपुटते, तेबी ऐकू येते मले. बिचारीचे वांधे झाले."

बाईंना हसू आलं नाही. "म्हणजे आता ऐकतं कोण? तुम्ही, की मशीन?"

"मी का मेली काय? कान माहाच हाय. मशीन बापडी बाजूले येऊन बसली."

बाजूला येऊन बसली. हे कुठंतरी ऐकलेलं. बाईंनी डोळे मिटले. वडील, कमलाकांतशास्त्री, संस्कृतचं व्याकरण शिकवायचे. गच्छति, अगच्छत्. हा पुढचा 'अ' कुठून आला? तो आगम, वडील म्हणायचे. आदेश येतो तो आधीच्या अक्षराला उठवून त्याच्या जागी बसतो. आगम कुणाला उठवत नाही. मित्रासारखा शेजारी बसतो. इंग्रजीतून लिहिलेल्या संस्कृत व्याकरणात ह्या आगमाला काय म्हणायचे? मूर्तिजापूर आलं, चहावाले ओरडून गेले, गाडी सुटली. आणि तेव्हा तो शब्द आला. ऑगमेंट. ऑगमेंटेड. मूळचं तसंच ठेवून वर भर घातलेला.

अकोल्याला उतरून रिक्षानं छापखाना गाठेपर्यंत चारला पाच कमी होते, तरी आतून मशीनचा आवाज येत होता.

"थांबवा," बाई दारातूनच म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी आत जाऊन जुईलीचा दंडच धरला.

"बाई? तुमी एकट्या कशा आल्या?" जुईलीनं खूण केली, छापखान्याचे मालक नागसेन यांनी मशीन बंद केलं. वीसेक कव्हरं बाहेर पडली होती. प्रत्येकावर ती धिप्पाड बाई, आणि डोक्यावर व्हिक्टिम्स.

"माझं चुकलं, जुईली. मला बळी गेलेली माणसं वाटली."

जुईलीनं एक कव्हर हातात घेतलं. "मले थोडं खटकलं होतं," ती मग म्हणाली. "पण म्हटलं, बाईंचं कसं चुकंल? माहीच अक्कल कमी पडत असंल."

हे बाईंना चुकीपेक्षा जास्त लागलं. त्यांनी आगमाची गोष्ट सांगितली. जुईलीनं कव्हरवरच्या बाईकडे पाहिलं, पोलादी पंजाच्या आतल्या हाताकडे पाहिलं. "'द ऑगमेंटेड'. हात तिचाच आहे न. जमलं, बाई."

"स्पेलिंग सांगा मॅडम," नागसेन कीबोर्ड ओढत म्हणाले.

बाई 'ए, यू' म्हणाल्या आणि थांबल्या.

"मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "जुईली, मोबाइल सुरू कर. डिक्शनरी काढ. अर्थही वाच, अगदी खालपर्यंत. खटकलं तर बोल."

जुईली वाचू लागली. ती कुठं अडते का ते ऐकत बाई स्टुलावर बसल्या होत्या, पण नीट टेकल्या नव्हत्या.