उभं राहिल्याबद्दल वजा एक

गुणांकांची यादी जिमखान्याच्या दारावर लागली, त्याच सकाळी वैदेही पोवार जमिनीपासून चार फूट वर गेली. बाकीच्या बारा जणींनी बुटांच्या नाड्या आवळल्या आणि सराव सुरू केला. उशीर कोणाला परवडणार होता? साडेदहाला स्पर्धेसाठी सांगलीची बस होती, बास्केटबॉलच्या संघात जागा बाराच, आणि पोरी तेरा.

यादी गिरिजा साळोखेनं केली होती. अकरावीतल्या पोरीनं बारावीच्या पोरींना गणितानं गप्प केलं, म्हणून सकाळपासून ती कॉलर ताठ करून फिरत होती. सूत्र तिचंच. टाकलेले गुण, पकडलेले रिबाउंड आणि दिलेले पास यांची बेरीज. गमावलेले चेंडू वजा. मैदानात नुसतं उभं राहिलं की दर वेळी वजा एक. मग आलेल्या उत्तराला खेळलेल्या मिनिटांनी भाग. पहिलं नाव अर्थातच गिरिजाचं होतं.

घाटगे मॅडमची रीत अशी की संघ निवडायचा तो मैदानाच्या मधल्या गोलात बसून, सगळ्यांनी, तोंडावर बोलून. पाठीमागे कुरकुर चालायची नाही. बारा जणी गोलात बसल्या. वैदेही आपल्या नेहमीच्या जागेवर, फक्त चार फूट वर, मांडी घालून होती. तिच्या बरोबर डोक्यावर छताचा एक पत्रा दुरुस्तीला काढलेला होता. तिथून आभाळ दिसत होतं.

"पोवारचा गुणांक किती?" मॅडमनी विचारलं.

"वजा शून्य पूर्णांक चार," गिरिजा म्हणाली.

वैदेही हातभर वर सरकली.

"मग विषयच संपला की," कर्णधार मृणाल चौगुले म्हणाली. "कागलविरुद्धच्या अख्ख्या मॅचमध्ये दोन पॉइंट. तेही बोर्डाला लागून चुकून गेलेले. बाकी वेळ आपला खांब."

पोरी हसल्या. वैदेही आणखी दोन हात वर गेली.

"मृणालताई, जरा दमानं बोल," ती वरून म्हणाली. "इथं धरायला काही नाही."

गिरिजानं वही उघडली. मोबाइलवरची मॅच चारदा बघून तिनं एकेक नोंद केली होती. वैदेही: उभी, एकवीस वेळा. तिनं डोळे मिटून मॅच पाचव्यांदा पाहिली, आणि या वेळी वैदेही कुठं उभी होती तेही पाहिलं. कागलच्या संघातली ती धिप्पाड पोर गिरिजाच्या मागे धावत यायची आणि दर वेळी वाटेत वैदेही असायची. छातीवर हात बांधून, पाय रोवून. धडक बसायची. अडवताना हलली असती तर फाऊल झाला असता, म्हणून ती हलायची नाही. तेवढ्यात गिरिजा मोकळी सुटून बास्केट करायची.

"ती उभी होती, पण रिकामी नव्हती," गिरिजा म्हणाली. "माझ्या मागची पोर अडवत होती."

वैदेही दोन फूट खाली आली. गिरिजाच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"बेरीज तेवढीच राहते, साळोखे," मॅडम म्हणाल्या. "एकीला दिलंस की दुसरीचं जातं. विचार करून बोल."

शेजारच्या पोरींनी गिरिजाला जागा व्हावी म्हणून थोडं सरकून घेतलं.

गिरिजानं वही मिटली. टाचा टेकल्या. पहिली स्पर्धा होती तिची. पप्पांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं आणि आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या. नुसतं गप्प बसलं की बस मिळणार होती.

"अडवायला काय, खुर्चीपण अडवते," मृणाल म्हणाली. "मिनिटाला किती गुण ते सांगा. सूत्र सगळ्यांना एकच ना?"

वैदेही छताला पोचली. तिची वेणी उघड्या जागेतून बाहेर गेली आणि बाहेरच्या वाऱ्यानं एका बाजूला सरळ ताणली गेली. तिनं दोन्ही हातांनी पत्र्याची कड धरली. कुणीही वर पाहत नव्हतं.

"गिरिजा," ती म्हणाली, "पत्रा तापलाय गं."

"माझे एकोणीस गुण," गिरिजा घाईनं म्हणाली. "त्यातले चार तिच्यामुळे."

ती उठून उभी राहिली नव्हती, तरी मृणालचा भांग तिला वरून दिसू लागला.

"सहा तिच्यामुळे. दहा. चौदा."

एकेका आकड्याला वैदेही उतरत होती आणि गिरिजा चढत होती. हॉलच्या बरोबर मध्यावर दोघी समोरासमोर आल्या. वैदेहीच्या दंडावर कागलच्या पोरीच्या कोपराचे जुने हिरवट वळ होते. यादीत ते कुठंच नव्हते.

"आता पुरे," वैदेही कुजबुजली. "पुढं बोललीस तर तू जाशील."

"पंधरा," गिरिजा म्हणाली आणि चढली.

"एकोणीसच्या एकोणीस तिनंच टाकलेत," वैदेही खाली बघून मोठ्यानं म्हणाली. "मी नुसती उभी होते." ती वर आली, गिरिजा उतरली.

"खोटं बोलतीय, मॅडम."

"ही तरी कुठं खरं बोलतीय."

दोघी पुन्हा एका उंचीवर आल्या आणि तिथंच डुलत राहिल्या. बाहेर बसचा हॉर्न वाजला. मृणालनं बॅग खांद्याला लावली. अकरा पोरी ओळीनं बाहेर पडल्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. मग चेंडू उचलला, गोलाच्या मधोमध उभ्या राहिल्या, एकदा गिरिजाकडे, एकदा वैदेहीकडे पाहिलं.

"जिचा हात आधी लागेल, ती खाली येईल," त्या म्हणाल्या आणि चेंडू सरळ वर फेकला.

तो सावकाश फिरत दोघींच्या नाकासमोर आला. गिरिजानं हात पाठीमागे बांधले. वैदेहीचे आधीच बांधलेले होते. चेंडू अजून वर चढत होता.