हनुवटीवरचे तीन ठिपके

दोंडाईच्यात स्टेशन रोडवर पितांबरचं टायपिंगचं दुकान होतं. सत्त्याण्णव साली त्याने कॉम्प्युटरसोबत रंगीत प्रिंटर आणला. थोड्याच दिवसांत सुकदेव आबा बायकोचा फोटो घेऊन त्याच्याकडे आले.

यशोदाबाईंना विसरण्याचा आजार जडला होता. जळगावला लग्न आटोपून परतताना गर्दीत त्या फलाटावरच राहिल्या आणि मग सापडल्याच नाहीत. पोलिसांत नोंद झाली होती. स्टेशनांवर लावायला फोटोच्या झेरॉक्स काढल्या, तर चेहरा नुसता काळा येत होता.

फोटोत त्यांच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके दिसत होते. ओळख पटायची ती त्यावरूनच. स्वतःचं नाव त्यांना सांगता आलं नसतं. पितांबरने चेहरा मोठा करून साध्या कागदावर छापला. शाई फुटली. तिन्ही ठिपके मिळून एक डाग झाला.

आबांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "हाई मन्ही यशोदा नही शे, भाऊ."

"सध्या हेच लावू आबा. चांगला कागद शोधतो मी."

दोघांनी जळगावपर्यंत प्रत्येक स्टेशनवर ते कागद चिकटवले. खळीच्या ओलीने शाई आणखी पसरली.

पितांबरने हिशेबाच्या वह्यांचा जाड लेजर कागद लावून पाहिला. कडा जरा सुधारल्या, पण चेहरा हिरवट आला. कार्डशीट प्रिंटरमध्येच अडकलं. कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदात शाई शिरेचना. आबांचं बोट लागलं आणि गाल पुसला गेला. आबांनी ते बोट कशालाच पुसलं नाही.

शेवटी नाशिकहून लेप दिलेला खास कागद मागवला. पहिला उलट्या बाजूने छापला गेला, वाया गेला. मग पितांबरने बाजू तपासली, प्रिंटरला कागदाचा प्रकार नीट सांगितला. चेहरा सावकाश बाहेर सरकत आला. तीन ठिपके, वेगवेगळे.

"आते बोली असं वाटस," आबा कागदावरच्या ओठांकडे पाहत म्हणाले.

तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दोघे पुन्हा स्टेशनं फिरले. अमळनेरच्या चहावाल्याने पाहताक्षणी ओळखलं.

"ही बाई? त्या खांबाजवळ बसायची. मीच चहा द्यायचो तिला."

"कुठे गेली?" पितांबरने विचारलं.

"सुरतच्या गाडीत चढली. पंधरवडा झाला असेल."

"अहो, समोरच कागद लावला होता आम्ही!"

चहावाल्याने भिंतीकडे पाहिलं. "तो? त्यात बाई आहे की बुवा, तेच कळत नव्हतं."

आबांनी तो कागद भिंतीवरून सोलून काढला.

ते सुरतला गेले. दवाखाने, धर्मशाळा, पोलीस चौक्या पालथ्या घातल्या. चांगले कागद भिंतींवर लावले. पुन्हा गेले तेव्हा उन्हाने चेहऱ्यातला लाल रंग उडाला होता. यशोदाबाई निळसर, आजारी दिसत होत्या. कुणाचाच निरोप आला नाही.

वर्ष सरल्यावर सून कुंदाबाईने त्यातलाच एक कागद फ्रेम करून घेतला. पितांबर भेटायला गेला तेव्हा ती फ्रेमला हार घालत होती. आबांनी तिचा हात धरला.

"हार नको, पोरी. ती गाडीमा शे."

कुंदाबाईने पितांबरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. आबा बाहेर ओट्यावर गेले, तेव्हा तिने हार घातला.