मालक बोलेनात

माणूस जातो, अब्रू मागे राहते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. लातूरच्या मकबूलभाई रेडिओवाल्यांची अब्रू शंभर टक्के होती आणि ते स्वतः हयात असताना, सोमवारी सकाळी, चहा निवायच्या आत ती साडेसत्त्याण्णववर आली. हा हिशेब वरच्याचा नव्हता, वेबसाइटचा होता.

या वेबसाइटवर जुन्या वस्तूंचा लिलाव चाले. सौदा झाला की विकणारा आणि घेणारा एकमेकांच्या नावापुढं ठिपका लावत. खूश असेल तर हिरवा, नाराज असेल तर लाल. मकबूलभाई जुने रेडिओ दुरुस्त करून तिथं विकायचे. आजवर सगळे ठिपके हिरवे. आज पहिला लाल आला होता आणि त्याच्याखाली कुणीतरी मराठीत लिहिलं होतं :

'रेडिओ पोचला. मालक बोलेनात.'

मकबूलभाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता. मग त्यांनी लिहिणाऱ्याचं नाव वाचलं आणि चहाचा कप उचलला तो तसाच खाली ठेवला.

नाव होतं शेषेराव.

वहिदाबी भाजी निवडत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. "मैं बोली थी तुमकू. मुर्दे की चीज बेचू नको."

"मुर्दा लिलाव में बोली लगाता क्या?"

"लगाया ना," वहिदाबी म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडं वळल्या.

शेषेराव हा औशाकडचा शेतकरी. भूकंपाच्या साली, गणपतीच्या दिवसांत, मोठा लाकडी रेडिओ पोत्यात बांधून घेऊन आला होता. मागच्या फळीवर खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलेलं, त्यातला 'श' उलटा. "गणपती बुडाले की नेतो," म्हणाला. गणपती बुडाले. त्याच पहाटे जमीन हलली. सकाळी मकबूलभाईंनी बातम्यांसाठी हाताशी होता तो रेडिओ लावला. तो नेमका शेषेरावचाच होता. नुकताच दुरुस्त झालेला, आवाज खणखणीत. त्यानं आपल्या मालकाच्या गावाचं नाव घेतलं आणि गाव उरलं नाही असं सांगितलं.

त्यानंतर तो रेडिओ फळीवर बसून राहिला. गिऱ्हाईक येईपर्यंत माल विकायचा नाही, ही काम शिकवणाऱ्या उस्तादांची शिकवण. पण उस्तादांच्या काळी गिऱ्हाइकं मरायची ती एकेकटी. शिवाय त्यांच्या काळी लातुरात कोचिंग क्लास नव्हते. आता गल्लीतलं प्रत्येक दुकान मेस, झेरॉक्स नाहीतर अभ्यासिका झालं होतं. दुकानाचे मालक मन्मथप्पा दर आठवड्याला दारात उभे राहून फळ्या मोजायचे.

"मकबूलभाई, रेडिओ ऐकून कोन डॉक्टर झालंय का?"

"नाही, अप्पा."

"मग? हितं वीस खुर्च्या बसतेत. बरं, जोवर तुमची पार्सलं जाऊन राहिलीत तोवर मी काय बोलत न्हाई."

म्हणजे पार्सलं थांबली की अप्पा बोलणार होते. आणि अब्रू अठ्ठ्याण्णवच्या खाली गेली की वेबसाइट 'भरवशाचा विक्रेता' हा निळा शिक्का काढून घेते. मग माल अशा पानावर जातो जिथं माणूस फक्त चुकून पोचतो.

अठरा वर्षांनी, फळी रिकामी करताना, त्यांनी शेषेरावचा रेडिओ लिलावात टाकला होता. घेणाऱ्याचं नाव शेषेराव निघालं तेव्हा त्यांना गंमत वाटली होती. मराठवाड्यात शेषेराव काय कमी आहेत? पार्सल एकदा परत आलं. त्यावर पोस्टमननं लाल पेन्सिलीनं एक शब्द खरडला होता. मकबूलभाईंनी तो 'मुदत' असा वाचला, मुदत संपली असेल असं ठरवलं, पार्सल पुन्हा पाठवलं आणि वेबसाइटवर खरं ते लिहिलं : 'पार्सल परत आलं. माणूस ठिकाणावर नाही.' शेषेरावच्या नावापुढं लाल ठिपका लावला. त्याचं हे उट्टं.

आता त्यांनी माळ्यावर ठेवलेलं ते जुनं वेष्टण काढलं आणि उजेडात धरलं. शब्द 'मुदत' नव्हता. 'मयत' होता.

त्यांनी वेबसाइटच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड होती.

"सर, खरीददार व्हेरिफाइड है."

"लेकिन मॅडम, वो मर चुका है."

"जी सर. क्या उन्होंने आपके साथ बदतमीजी की?"

बदतमीजी नव्हती, हे मकबूलभाईंना मान्य करावं लागलं. मुलीनं मार्ग सांगितला. दोघांनी राजीखुशीनं आपापला ठिपका मागे घेतला तर दोन्ही एकदम जातात. एकट्याचा जात नाही.

त्यांनी शेषेरावला निरोप टाकला : 'रेडिओत काय बिघाड आहे?' आठवडाभर काही नाही. रविवारी उत्तर आलं :

'बिघाड न्हाई. खाकरतात. पन बोलत न्हाईत.'

त्या दिवसापासून दुकानातला कुठलाही रेडिओ लावला की मकबूलभाई आधी थोडं मागे सरकू लागले. बोली येणं बंद झालं. निळा शिक्का गेला. महिनाअखेरपर्यंत अब्रू परत आली नाही तर शिक्का कायमचा जाईल, असं पत्र आलं. तेव्हा त्यांनी खिशात पेचकस आणि स्पिरिटची बाटली घातली आणि पार्सलवरच्या पत्त्याची एसटी धरली.

गाव भूकंपानंतर सरकारनं नव्या जागी वसवलेलं. सगळी घरं एकाच साच्यातली, सारख्याच अंतरावर, सारख्याच दारांची. भर दुपार. रस्ते इतके रुंद की माणूस दिसलं असतं तर लहान वाटलं असतं, पण दिसलं नाही. मकबूलभाई एका ओळीतून गेले, वळले, आणि पुन्हा त्याच ओळीत आल्यासारखं झालं. कुत्रं होतं, तेही मघाचंच. मग कुठूनतरी खरखर ऐकू आली. मेलेल्या स्टेशनची खरखर त्यांना झोपेतही ओळखता आली असती. ते तिच्यामागे गेले.

दारावरच्या पाटीवर नाव होतं शेषेराव.

उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती. आत कोनाड्यात रेडिओ. "आत या," ती म्हणाली, "मालक हायतच."

मकबूलभाई चप्पल काढता काढता थांबले. मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि स्वतःच्या अकलेची त्यांना कीव आली. अठरा दिवस ते मालक म्हणजे रेडिओचा धनी समजत होते. लिहिणारी ही बाई होती, आणि ती नवऱ्याबद्दल बोलत होती.

ती साखराबाई. शेषेरावची बायको. भूकंपाच्या रात्री माहेरी, रेणापूरला होती, म्हणून उरली. घर मालकाच्या नावावर, लाइटचं बिल मालकाच्या नावावर, म्हणून वेबसाइटवरचं खातंही मालकाच्याच नावावर. ते काढलं बहिणीच्या लेकीनं, आरतीनं. ती लातूरला क्लासला. जुनी पुस्तकं शोधता शोधता तिला तिथं उलट्या 'श'चा फोटो दिसला, तो मावशीनं ओळखला.

"पोस्टमन पयल्यांदा आला तर म्हनला, शेषेराव मयत. मी म्हनलं, हाव, पन सामान तर घरात ठेव. ठेवलं न्हाई बघा." साखराबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "एकडाव मालक रेडिओत बोलले होते. तुरीवर. शेतकऱ्याच्या कार्यक्रमात. मी याच डब्याम्होरं बसले होते. लई चांगलं बोलले. मला कवा तसं बोलले न्हाईत."

रेडिओनं घसा साफ केला. मकबूलभाई सवयीनं मागे सरकले. मग कानानं निदान केलं : आवाजाच्या बटणात धूळ. स्पिरिटचे दोन थेंब.

"ऐकलं का? खाकरतात," साखराबाई म्हणाल्या. "काय बिघडलंय का यात?"

मकबूलभाईंचा हात खिशात गेला होता. तो तिथंच राहिला. "नाही बाई. चांगला आहे."

मग त्यांनी कामाचं काढलं. "तुम्ही माझ्या नावापुढं लाल लावलंत."

"हाव. तुमी लावलं, मग आमी बी लावलं." म्हातारीचा चेहरा उजळला. "आरतीनं मोबाइलवर दावलं. मालकाच्या नावाम्होरं लाल टिकला. आरती म्हनली, मावशी, लाल वंगाळ असतंय. मी म्हनलं, तुला काय कळतंय, तू अजून कोरी हायस. लाल कवा वंगाळ असतंय व्हय? एक तर लावलं तुमी, परक्या मान्सानं. अन् समोरच्यानं कुंकू लावल्यावर आपन लावू नाय का? तसंच वापस जाऊ द्यायचं?"

तिच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका होता. बाकी कपाळ कोरं.

मकबूलभाईंनी घसा साफ केला. कोनाड्यातूनही तसाच आवाज आला. "बाई, तो... काढता येतो. दोघांनी मिळून."

"काढायचा?" साखराबाईंनी विचारलं. रागानं नाही. हिशेब नीट कळावा म्हणून विचारावं तसं. "म्हंजी पुन्हा पुसायचं?"

खरखर चालू होती. बाहेर मघाचंच कुत्रं उभं होतं.

"नाही," मकबूलभाई म्हणाले. "काढता येतो, असं फक्त सांगितलं. नियम आहे म्हणून. राहू द्या."

"राहू द्या," साखराबाई म्हणाल्या. "दर ऐतवारी आरती दावती. चहा घेता का?"

त्यांनी चहा घेतला. दोन कप आले होते. तिसरा कोनाड्याजवळ ठेवलेला होता, आणि निघेपर्यंत त्याच्याकडं बघायचं मकबूलभाईंनी टाळलं.

महिनाअखेर निळा शिक्का कायमचा गेला. मन्मथप्पा बोलले. दुकानात वीस खुर्च्यांची अभ्यासिका झाली. खुर्च्या प्रत्यक्षात सोळाच बसल्या. मकबूलभाई घराच्या ओसरीवर पंखे दुरुस्त करू लागले.

"लाल निकाला नहीं ना उसने?" वहिदाबींनी एकदा विचारलं.

"मैंनेच नहीं निकालने दिया."

"अच्छा किया," वहिदाबी म्हणाल्या. का ते त्यांनी विचारलं नाही.

त्याच दिवाळीत वेबसाइटनं नवी पद्धत आणली. लाल-हिरवे ठिपके सरसकट काढून टाकले. आता पिवळे तारे असतात, आणि ज्यानं एकदाच खरेदी केली आहे त्याच्या नावापुढं काहीच दिसत नाही.