फितीच्या टोकाला उरलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. माझ्या झाकणाला तडा गेला आहे आणि फीत मागे घ्यायचे बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. कान मात्र अजून शाबूत आहेत.

कारखान्यातून निघालो तो थेट एका बातमीदाराच्या हाती पडलो. माणूस मनाचा चांगला, पण धांदरट. चष्मा विसरेल, डबा विसरेल, मला मात्र कधी विसरला नाही. आम्ही दोघांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, दवाखान्यांच्या बाकांवर ताटकळत बसलो. त्याच्या कचेरीत एक रीत होती. बातमी छापून आली की तीच कॅसेट पुढच्या कामाला घ्यायची, जुने बोलणे पुसून त्यावर नवे भरायचे. त्याचे कोणाला काही वाटत नसे. खरे सांगायचे तर मलाही नाही.

एकदा आम्ही एका गोदामाच्या पहारेकऱ्याला भेटलो. गोदामाला आग लागली होती आणि बाहेरून कुलूप असल्यामुळे आतले हमाल आतच राहिले होते. कुलूप कोणाच्या हुकमाने लागले, हे सांगायला कोणी धजत नव्हते. पहारेकऱ्याने मात्र मालकाचे नाव घेऊन सगळे घडाघडा सांगितले. संपादकांनी ती बातमी दाबली. बातमीदाराने तडकाफडकी नोकरी सोडली आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "पेपरात नाही तर नाही, कादंबरीत तरी त्या मालकाला पकडतो."

अशा रीतीने तो रहस्यकथा लिहू लागला. लिहू लागला म्हणजे बोलू लागला. खोलीत येरझाऱ्या घालत तो एकेक प्रकरण मला सांगे. खुन्याला घोगरा आवाज, फौजदाराला खर्जातला. बायको ते ऐकून टाइप करी आणि मध्येच थांबून म्हणे, "अहो, तुमचा खुनी आणि फौजदार, दोघंही सर्दी झाल्यासारखे बोलतात. ओळखायचं कसं?" पुस्तके हातोहात खपली. त्याच्या फोटोत मीही असे. पुढे घरात कॉम्प्युटर आला आणि मी कपाटात जुन्या चादरींखाली गेलो. फार वाईट वाटले.

मग एके दुपारी पहारेकऱ्याची मुलगी त्याच्याकडे आली. वडील वारले तेव्हा ती अगदी लहान होती.

"काका, बाबांचा फोटो आहे माझ्याकडे, पण आवाज काही केल्या आठवत नाही. आई म्हणायची, तुम्ही तो टेप केला होता. एकदा ऐकवाल?"

त्याने मला बाहेर काढले, कॅसेट हुडकली, बटण दाबले. आणि माझ्या तोंडून निघाला तो घोगरा खुनी. हात सवयीने चालतो, मित्रांनो. कादंबरीचे पहिले प्रकरण त्याने त्याच कॅसेटवर भरले होते. ही बातमी कधी छापूनच आली नाही, म्हणजे ही कॅसेट पुसायची नाही, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

तो मला बंद करायला वाकला. "पोरी, तुझ्या वडिलांवर पुस्तक लिहिलं मी, आणि त्यांनाच पुसून टाकलं."

ती उठली नाही. "शेवटपर्यंत ऐकू या," एवढेच म्हणाली.

खुनी पळाला, फौजदार मागे धावला, प्रकरण संपले. नुसती खरखर येऊ लागली. आणि फितीच्या अगदी टोकाला, जिथवर ते प्रकरण पोचले नव्हते, तिथे पहारेकरी बोलला. "झालं ना साहेब? निघतो मग. पोरगी दारात बसून राहते, मी गेल्याशिवाय जेवत नाही."

तिने ते पुन्हा ऐकले, परत परत ऐकले. माझे ते हट्टी बटण त्या दिवशी दरवेळी एका दाबात ऐकत होते. नंतर लेखकाने कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची छोटी पट्टी मोडून टाकली. ती मोडली की त्या कॅसेटवर नवे काही भरता येत नाही. मग मला कॅसेटसकट त्याने तिच्या हवाली केले.

आता मी तिच्या घरी असतो. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणणार नाही, म्हातारपणी धूळ बसायचीच. पण कोणी आपला आवाज तुमच्यापाशी ठेवून गेला असेल, तर त्यावर तुमचे काही भरण्याआधी तो एकदा शेवटपर्यंत ऐका. त्याच्यासाठी कोणीतरी न जेवता दारात बसलेले असते.